आण्णांचं स्वादुपिंड आणि कट्ट्यावरचं दूध

मंडळी, आज आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एमआरसीपी होती. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली, म्हणून पित्ताच्या नळीत खडा अडकलाय का ते एमआरआयच्या मशीनवर बघायचं होतं.

"उपाशी आहात ना?" मशीनवरच्या ताईंनी विचारलं.

"व्हय की! फकस्त कट्ट्यावर, म्हशीची धार काढून देत्यात तितं, धारोष्ण दूध पिऊन आलोय. दूध म्हंजे काय खाणं हाय व्हय?"

झालं! तपासणी गेली दुपारवर. मी चिडले, तर आण्णा डॉक्टरांनाच म्हणाले, "त्यापरास तोंडातनं दुर्बीण घाला की. नुस्त्या फोटोत काय कळतंय?"

डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीनं खडा काढता येतो, पण तिच्यामुळं स्वादुपिंड पुन्हा सुजूही शकतं. फोटोला तो धोका नाही. आधी फोटो, गरज पडली तरच दुर्बीण."

संध्याकाळी रिपोर्ट आला. नळी मोकळी! दुर्बीण टळली. स्वादुपिंडाला स्निग्ध सोसत नाही, म्हणून म्हशीचं दूध मात्र काही दिवस बंद.

परतताना कट्टेवाल्यानं सवयीनं ग्लास पुढं केला. आण्णांनी हात जोडले. "नगं रं बाबा. दूध म्हंजे जेवाणच हाय."

खरं सांगा, तुमच्या घरी 'उपाशीपोटी'त काय काय बसतं?