केळीतले डॉक्टर, तुरीतला मी

“सर, तुमी तुरीत राहून राहिले,” पाणीवाले मामा भेटले की हसून म्हणायचे. डॉक्टर केळीत राहायचे, वकील हळदीत. माझ्या नशिबी तूर! नांदेडातलं आमचं नगर वसण्याआधी तिथं वावर होतं आणि मामा त्या वावरात सालगडी होते. प्लॉट पडले, मालक पुण्याला गेला, मामा इथंच राहिले. नळाला पाणी सोडायचं काम त्यांना मिळालं. व्हॉल्व्ह फिरवायची लांब चावी खांद्यावर टाकून ते ज्याला त्याला त्याच्या घराखालचं पीक सांगत फिरायचे.

खरं सांगतो, माझा जळफळाट व्हायचा. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला मी. सातबारे काढले, जुने नकाशे पालथे घातले. आणि इथलं जुनं काही लोक विचारायचे कुणाला? ज्याला अक्षर ठाऊक नाही त्याला! तुम्हीच सांगा, कुणाला झोंबणार नाही?

एकदा वकिलांची भिंत तडकली. मामा म्हणाले, “तडकंल न्हाई तर काय? खाली हीर हाय. म्याच बुजवली.” खणलं तर खरोखर विहिरीचं दगडी बांधकाम लागलं. माझ्या नकाशात विहीर नव्हती. सगळे मामांना चहा पाजत होते, आणि मी घरी येऊन बायकोवर विनाकारण चिडलो.

पुढे गणेश मंडळाने स्मरणिका काढली. त्यात नगराचा इतिहास मी लिहिला. मालक, गट नंबर, पहिलं घर, पहिला नळ, सगळं आलं. वावर कसणारा तेवढा आला नाही. विसरलो नव्हतो, लिहिलेलं नाव खोडलं होतं.

स्मरणिका निघाली त्या दिवशी मामा दारात उभे. “सर, माझं नाव हाय का हो यात?”

“आहे की,” मी म्हणालो.

“हाव?” म्हातारा चक्क लाजला. “मंग एक द्या मला.”

गेल्या थंडीत मामा गेले. भेटायला गेलो तेव्हा मामींनी प्लास्टिकच्या पिशवीतून स्मरणिका काढली. त्यांनाही वाचता येत नव्हतं.

“रोज उघडून बसायचे, सर. पर त्यायला तरी कुठं कळत होतं? त्यायचं नाव कोणतं हाय, बोट ठेवून दावा.”

माझी मलाच लाज वाटली. लेखाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत माझं नाव छापलं होतं. मी त्यावर बोट ठेवलं.

मामींनी पदराने ती ओळ पुसली आणि म्हणाल्या, “लई मोठं छापलं हो तुमी.”