आठ कप आणि मधली जागा

आधीच सांगतो, भुतंखेतं, पत्ते, ग्रहतारे यांतलं मी काहीच मानत नाही. उलट गावातल्या असल्या निम्म्या गोष्टी मीच पसरवलेल्या आहेत. मी पकडलेला खेकडा बसस्टॉपवर पोचेपर्यंत सुसर होतो, हे आमच्या तुये गावातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून विनंती — यावेळी एक अक्षर वाढवलेलं नाही. वाढवता आलं असतं तर बरं झालं असतं...

यंदा जत्रेला बाहेरचं नाटक न घेता माझं करायचं ठरलं. मीच छाती ठोकून सांगितलं होतं, आठ दिवसांत लिहून देतो. कारखान्यात पॅकिंग करता करता दोन अंक झालेही. राजा, तलवार, शाप, सगळं. वाचन संपलं तसा नाटक बसवणारा बाबुलो शांतपणे म्हणाला, "बरें आसा. पण हें तुजें न्हय रे. सगळें खंय तरी आयकलेलें." माझं नव्हे, कुठेतरी ऐकलेलं — झोंबलंच ते.

तिसरा अंक रविवारपर्यंत आला नाही तर जुनंच नाटक करायचं, असं ठरलं. तोंडाने मी नदी उलटी वाहवतो, पण कागदावर आलो की शाळेचा निबंध... थापाड्या म्हणूनच मरायचं की काय?

बायकोची मावसबहीण शीतल मांद्र्याच्या किनाऱ्यावर टॅरो, म्हणजे भविष्याचे पत्ते, बघते. एरवी तिच्यासमोर गोरे पर्यटक बसतात, त्या दिवशी नाइलाजाने मी. तिने एकच पत्ता काढला. खाली पाच कप, वर तीन, आणि पाठ फिरवून निघालेला माणूस. मी म्हटलं, चहात साखर कमी पडली असणार. ती हसली नाही. वरच्या रांगेतल्या फटीवर बोट ठेवून म्हणाली, "भावोजी, तुमचं लिखाण या रिकाम्या जागेत आहे. तुम्हाला पहिल्यांदा कुणी खोडलं, त्यांना विचारा."

खोडलं ते मास्तरांनी. मला नार्व्याच्या शाळेत मराठी शिकवायचे; तांबड्या शाईची अख्खी बाटली माझ्या एकट्याच्या वहीवर संपायची. शनिवारी स्कूटर काढून गेलो. मास्तर आता नव्वदीचे, डोळे गेलेले, कान शाबूत. दोन्ही अंक वाचून दाखवले. पत्त्याचा विषय काढला नाही, लाज वाटली.

मास्तर म्हणाले, "राजा कित्याक, कशाला रे? तुझ्या आईचे ते आठ कप खंय गेले?"

"कसले कप?" मी विचारलं.

"सातवीत लिहिलेलंस. आई फळीवर कप मांडते, पाच खाली, तीन वर, नि मधे एकाची जागा सोडते. बापासाठी. विषय होता ‘आमची नदी’, म्हणून मी अख्खं पान खोडलं. चूक माझी. आता लिही."

माझे बाबा नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जवर गेले ते परतलेच नाहीत. मी दोन वर्षांचा होतो. घरात तो विषय कधी निघत नाही. आणि असा निबंध मी लिहिल्याचं मला काही केल्या आठवेना... पण तिथेच मास्तरांच्या पडवीतल्या सोप्यावर बसून तिसरा अंक एका बैठकीत उतरला. राजा गेला, तलवार गेली. एक बाई, एक फळी, आठ कप. रविवारी वाचला. बाबुलो चष्मा पुसत राहिला, मग एवढंच म्हणाला, "हें तुजें."

घरी येऊन आईला मास्तरांनी सांगितलेल्या निबंधाचं सांगितलं.

"सातवीत? तेव्हा आपण स्टीलच्या पेल्यांतून चहा प्यायचो," ती म्हणाली. "हे कप नोकरी लागल्यावर तूच म्हापशाहून आणलेस."

खरंच. मीच आणले होते, वर्तमानपत्रात गुंडाळून. उठून फळी पाहिली. खाली पाच, वर तीन. मधे फट. रोज तिथून कप उचलतो मी — कधी लक्षच गेलं नव्हतं.

"आणि ती जागा?"

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठेवते खरी. पण कुणाला सांगितलं नव्हतं."

शीतलचं एक वेळ समजू, तिने आमचं स्वयंपाकघर पाहिलंय. पण मास्तरांनी तुयेच्या घरी पाऊलही ठेवलेलं नाही. पुन्हा विचारलं तर तेच — पान आठवतं, अक्षर तुझंच. बाबुलो म्हणतो, ही तुझी आजवरची सगळ्यांत मोठी थाप. मी शपथा घेणं सोडून दिलंय.

परवा जत्रेत नाटक आहे. आईने तेच आठ कप दिलेत. मांडायला स्वतः येणार म्हणते. मला मात्र अजून एवढंच कळत नाही... मास्तरांनी ते पान खोडलं, तेव्हा कप होते कुठे?