एकट्याचं शेत आणि काळाचौकीची सून

परळला बसमधून उतरलो तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. पाठीवर कपड्यांची मोठी पिशवी होती आणि पोटाशी धरलेली एक छोटी. मी जपत होतो ती छोटी. तिच्यात माझा कन्सोल होता, म्हणजे दोन हातांत मावणारं, मधे पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणं असलेलं गेम खेळायचं यंत्र. आमच्या गावात त्याला बघून लोक म्हणतात, मोबाईलच आहे की. पण त्याच्यावर कुणाचा फोन येत नाही, हाच मला त्याचा मोठा गुण वाटतो. दुसरा गुण असा की कुणी हाक मारली तर एक बटण दाबून खेळ होता तिथे झोपवता येतो. आमच्यासारख्या घरात, जिथे दर थोड्या वेळानं कुणीतरी हाक मारतंच, तिथे मोठ्या टीव्हीवरच्या खेळापेक्षा हा बरा.

मुंबईला येण्याचं कारणही तोच होता. या छंदाचे काही लोक दादरला जमतात. त्यांतल्या गिरगावच्या अनिकेतशी माझी इंटरनेटवर ओळख झाली होती आणि त्यानं मला एका खेळाबद्दल बोलायला बोलावलं होतं. खेळ शेतीचा आहे. एक ओसाड शेत मिळतं, ते पिकवायचं, गावातल्या लोकांना भेटवस्तू देऊन ओळखी वाढवायच्या, वाटलं तर लग्न करायचं. मी लग्न केलं नव्हतं. कुणाची मदत घेतली नव्हती, इंटरनेटवर उत्तरं शोधली नव्हती. अख्खं शेत एकट्यानं उभं केलं होतं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की शब्द घशात अडकतात. पण या शेताबद्दल बोलता येईल असं वाटत होतं. दुसऱ्या कुणाचा हात न लागता मी पुरं केलेलं तेवढं एकच काम होतं.

माझी सुमन मावशी काळाचौकीला चाळीत राहते. चाळी एकासारख्या एक दिसतात, त्यामुळे मी आधी भलत्याच इमारतीचा जिना चढलो आणि भलत्याच दारात उभा राहिलो. तिथल्या बाईंनी मला आत बसवलं, पाणी दिलं, गाव कुठलं विचारलं, आणि मग म्हणाल्या की सुमन समोरच्या चाळीत. हे त्यांना मी आत येण्याआधीच कळलं असावं असं मला अजून वाटतं.

मावशीच्या खोलीमागे काचेचा एक टॉवर उभा राहिला आहे. दुपारी त्याचा उजेड उलटून तिच्या भांड्यांवर पडतो. खोली एकच, पण माणसं गॅलरीतच जास्त असतात. गॅलरी म्हणजे सगळ्या दारांपुढून जाणारा लांब व्हरांडा. शेजारच्या परब काकी मालवणकडच्या. त्यांनी मी आल्या आल्या आंबोळी (तांदळाच्या पिठाचं जाळीदार धिरडं) आणि काळ्या वाटाण्याची उसळ पाठवली. त्या घरी नव्हत्या तेव्हाही त्यांचं दार उघडंच होतं. मला ते बघून उगाच काळजी वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी अनिकेतकडे गिरगावला निघालो. मावशी म्हणाली, बसमध्ये गर्दी असते, ते यंत्र घरीच ठेव. मीही चार्जिंगला लावून निघालो. मावसबहीण प्रियानं विचारलं, मी बघू का जरा? मी हो म्हटलं. तेव्हा 'बघू' म्हणजे ती बघेल असं मी धरून चाललो होतो.

अनिकेतच्या घरी एका कपाटात जुने कन्सोल ओळीनं ठेवले होते. राखाडी, जाड, हिरवट पडद्याचे. एक हातात घेतला आणि मला तो आजच्यापेक्षा आवडला. बटण दाबलं की दाबल्यासारखं वाटत होतं. आजची यंत्रं हलकी आणि चकचकीत आहेत, पण उन्हात पडद्यावर आपलंच तोंड दिसतं. अनिकेत हसला. म्हणाला, "तू म्हाताऱ्यासारखा बोलतोस रे, उद्या हेच बोल." मग आम्ही पियूष प्यायलो आणि चौपाटीपर्यंत चालत गेलो. समुद्र होता, पण मी मनात भाषण जुळवत होतो, त्यामुळे त्याच्याबद्दल मला फार सांगता येणार नाही.

संध्याकाळी परतलो तर गॅलरीत बायका गोल करून बसलेल्या. मधे प्रिया, तिच्या हातात माझा कन्सोल. मावशीनं उठून माझ्या हातावर पेढा ठेवला.

"घे, तोंड गोड कर. तुझं लग्न झालं."

मला वाटलं थट्टा आहे. मग प्रियानं पडदा दाखवला. माझ्या घरात एक मुलगी उभी होती. सकाळपासून त्या सगळ्यांनी मिळून खेळातले महिने काढले होते आणि मुली बघितल्या होत्या. डॉक्टरीण नको, ती रात्री-अपरात्री उठून जाईल. गिटारवाली नको, घरात झोपणार कोण. शेवटी घड्याळं दुरुस्त करणारी पसंत पडली. मी तिला कधीकाळी दोन-चार भेटी दिल्या होत्या. तिला एकही आवडली नव्हती, म्हणून मी तिचा नाद सोडला होता.

"चेडू (मुलगी) बरां आसा," परब काकी मला समजावत म्हणाल्या. "रोज सांजचा डबो घेवन बापाशीकडे जाता. तू बघलंस नाय?"

मी बघितलं नव्हतं. तिला बाप आहे हेच मला माहीत नव्हतं. मी शेत बघितलं. गव्हाच्या माझ्या सरळ ओळींत भोपळे पसरले होते. एका कोंबडीचं नाव शांता ठेवलं होतं. घरात दुसरी खुर्ची आली होती. या खेळात जुना दिवस पुसून त्याच जागी नवा साठवला जातो, त्यामुळे मागे फिरायला वाट नव्हती.

राग आला होता का, ते सांगता येत नाही. जेवणात बांगड्याचं तिखलं (घट्ट, तिखट कालवण) होतं, मी दोनदा भात घेतला. रात्रभर मात्र एकच प्रश्न, उद्या मी दादरला कशाबद्दल बोलणार?

दादरची जागा म्हणजे एका मिठाईच्या दुकानावरची छोटी खोली. दहा-बारा जण होते. मी खरं काय झालं ते सांगून टाकलं. काही हसले, एक दाढीवाला मात्र गंभीर झाला. तो म्हणाला, निघण्याआधी मेमरी कार्डावर खेळाची प्रत काढून ठेवली नव्हतीस का? ठेवली होती. गोंधळात मी ते पार विसरलो होतो. त्यानं तिथल्या तिथे ती परत चढवून दिली. माझा गहू, माझ्या ओळी, एकच खुर्ची. मग मी बोललो. शब्द अडले नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अनिकेतनं पाठ थोपटली. मी फार खूश व्हायला हवं होतं. झालोही असेन.

पिशवी घ्यायला चाळीत आलो तर दारातच प्रिया ताट घेऊन उभी. खण, नारळ, मूठभर तांदूळ. सून पहिल्यांदा सासरी निघाली म्हणून तिची ओटी भरायची होती. थट्टाच होती, पण नारळ खरा होता.

मी म्हणालो, "ती नाहीये."

"खंय गेली?" काकींनी विचारलं.

मी कार्डाचं, प्रतीचं सगळं सांगितलं. सांगताना ते दादरला वाटलं होतं तितकं सोपं वाटेना. प्रियानं ताट खाली ठेवलं.

"म्हणजे आम्ही केलेलं पुसलंस," मावशी म्हणाली.

"माझं होतं ते परत आणलं, मावशी."

"तुझंच होतं रे. आम्ही कुठे नाही म्हटलं?"

ती रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. काकींनी नारळ उचलून माझ्या पिशवीत घातला, म्हणाल्या, आवशीक (आईला) दी. आणि सगळ्या आपापल्या कामाला लागल्या.

बस परळहून सुटली. मी कन्सोल चालू केला. शेत जसंच्या तसं होतं. पाणी दिलं, अंडी गोळा केली. मग काही करायला उरलं नाही, म्हणून घड्याळवालीच्या दुकानात गेलो. तिनं नमस्कार केला आणि पुन्हा कामात डोकं घातलं. ती मला जेमतेम ओळखत होती. इंटरनेटवर एका मिनिटात उत्तर मिळालं असतं, पण मी मावशीला मेसेज केला, तिला काय आवडतं?

मावशीचं उत्तर आलं, थांब, गॅलरीत विचारते. त्यानंतर परब काकींचा आवाजातला मेसेज आला, मागे कुणीतरी हसत होतं, कुकरची शिट्टी वाजत होती.

"झिला (मुला), सुकी मासळी दी. पण आधी तिच्या बापाशीक दी."

आता घरी येऊन आठवडा होत आला. मुंबई कशी वाटली असं सगळे विचारतात आणि मला नीट सांगता येत नाही. दादरला मी जे बोललो ते मला खोटं वाटत नाही. चाळीत जे झालं तेही चुकीचं होतं असं वाटत नाही. दोन्ही एकदम कसं खरं असेल, ते मला अजून उलगडलेलं नाही. काल खेळात संध्याकाळ झाल्यावर मी दुकानाबाहेर थांबलो. ती डबा घेऊन निघाली. मी मासळी घेऊन तिच्या मागे चालत गेलो. टेकडीमागे एक घर होतं, खिडकीत दिवा होता. इतकी वर्षं मी त्या गावात राहिलो, पण त्या बाजूला कधी गेलोच नव्हतो.