प्लांटमागचा वाफाळता ढीग

माझी माय धुळ्याला तेलाच्या प्लांटमध्ये झाडलोट करायची. सरकीच्या ढेपेतलं उरलंसुरलं तेल ओढायला तिथे हेक्झेन वापरत. त्याचा पेट्रोलसारखा वास तिच्या लुगड्यात इतका मुरलेला, की माझ्या बक्षीस समारंभालाही ती आली नाही. पावसाळ्यात प्लांट बंद पडला की आमची चूल दिवसातून एकदाच पेटायची. तरी आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी अजूनही ताठ मानेने सांगते.

पुढे जळगावला पीएच.डी.ला लागले. तेल पाण्यात विरघळत नाही, हेक्झेनमध्ये विरघळतं. म्हणून गरम हेक्झेनमध्येही तेलावर काम करेल असं जिवाणूचं एन्झाइम शोधायचं होतं. चोपड्याकडच्या गरम झऱ्यांचे नमुने वर्षभर तपासले. त्यांतल्या जिवाणूंची एन्झाइमं उष्णता सोसायची, हेक्झेन घातलं की खलास. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत एकही टिकलं नाही, तर विषय बदला."

घरी जाऊन मायला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग आमना प्लांटना मांगे का बरं येत नही?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. प्लांटमागे तेल गाळायला वापरून टाकलेल्या काळ्या मातीचा ढीग होता. आपोआप तापणारा, हेक्झेनचा वास मारणारा. मुकादम हसला, "अक्का, पोर इतली शिकनी अन् आमना कचरा लेवाले उनी?"

"तुमनासाठे कचरा शे, भाऊ. तिले कामनी चीज शे."

मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे वरचा थर खरवडून बर्फाच्या डब्यात भरू लागले. मायने माझा हात धरला. "वरनी माटी कसाले लेस? ती थंडी व्हयी जायेल शे. पोटमानी ले. हिवाळामा आम्ही जेवनना डबा तठेच गरम करतस. अन् तो बरफ फेकी दे!"

तिने फावड्याने हातभर खोल उकरलं. वाफ आली. ती माती थर्मासमध्ये भरून मी जळगावची बस पकडली.

पंधरवड्यात तेल मिसळलेल्या दुधाळ ताटलीत त्या मातीतल्या एका जिवाणूच्या ठिपक्याभोवती स्वच्छ कडं उमटलं; तो तेल पचवत होता. त्या जिवाणूचं एन्झाइम काढून हेक्झेनमध्ये टाकलं. सरांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "परत करा." मी तीनदा केलं.

साठ अंशांवर, रात्रभर हेक्झेनमध्ये राहूनही ते एन्झाइम काम करत होतं. माझा विषय कायम राहिला, आणि त्याच कामावर मला पीएच.डी. मिळाली.