ओढ्याकाठच्या शांताक्का

शांताक्का रस्त्यानं चालायच्या तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची करंगळी कधी मोकळी नसायची. तिला धरून चाळिशी उलटलेला एक उंच, आडव्या अंगाचा माणूस चालत असायचा. अंगात उन्हाळ्यातही स्वेटर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, नजर जमिनीवर. अक्कांच्या खांद्यावर पंचा. दुपारचा चहा झाला की ही जोडी आमच्या दारावरून जायची आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या झाडीत शिरायची.

आम्ही हुबळीकडच्या नवनगरचं भाड्याचं घर सोडून धारवाडात, केलगेरीच्या पलीकडच्या अंगाला राहायला आलो होतो. आमचं घर वस्तीतलं शेवटून दुसरं, शेवटचं अक्कांचं. पहिल्या आठवड्यात मी फाटकाशी उभी होते, तेव्हा त्या थांबल्या. मी म्हणाले, "हे तुमचे...?" आणि पुढचा शब्द न सुचून अडखळले.

"भाऊ. धाकटा. मधू नाव त्याचं," अक्का म्हणाल्या. "मला आईच समजतो. बोलत नाही काही, पण समजतो." मग मधू करंगळी ओढायला लागला, तशा हसून म्हणाल्या, "जाते बाई. आमच्या साहेबांची वेळ झाली."

मधूला जन्मापासून बोलणं नव्हतं. कुकरची शिट्टी, फटाके, अनोळखी माणसाचा हात, यातलं काहीही झालं की तो भिंतीवर डोकं आपटायचा. आईवडील गेल्यावर तो अक्कांच्या वाट्याला आला, असं शेजारी म्हणायचे. अक्कांना हा शब्द आवडायचा नाही. "वाट्याला यायला तो काय शेत आहे?" त्या म्हणायच्या. मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवत. एकदा हुबळीहून त्यांना बघायला माणसं आली होती. सगळं पसंत पडल्यावर मुलाच्या मामांनी हळूच विचारलं, "ह्याची सोय कुठं करणार?" अक्का पुढं झाल्या आणि पोह्यांच्या रिकाम्या बशा उचलता उचलता म्हणाल्या, "त्याची सोय आहेच की इथं. तुमचीच कुठं तरी बघा." ही गोष्ट त्या हसत सांगायच्या.

झाडीतला ओढा मी त्यांच्याबरोबरच पहिल्यांदा पाहिला. कन्नडात सगळे त्याला हळ्ळ म्हणत. तसा तो फार काही नव्हता. जांभळीच्या आणि करंजाच्या मुळांतून वाट काढत जाणारं घोटाभर पाणी, मधे काळे दगड, दगडांखाली खेकडे. एप्रिलमध्येही एका वळणाला पाणी टिकून असायचं. तिथं मधू पाण्यात पाय सोडून बसायचा, शेजारी पडलेलं एकेक पान उचलायचा आणि पाण्यावर ठेवायचा. पान नजरेआड झालं की दुसरं. घरी ज्याचे हात क्षणभर स्थिर नसत, तो माणूस तिथं अगदी निवांत बसायचा. अक्का काठावर उभ्या. मी म्हणाले, "अक्का, बसा की जरा." त्या म्हणाल्या, "मी बसले की त्याला वाटतं, आता घरी जायचंच नाही."

अक्कांच्या तोंडी 'इर्ली' हा कन्नड शब्द सारखा असायचा. असू दे, राहू दे. कुणी मधूकडे टक लावून बघितलं, इर्ली. दूध नासलं, इर्ली. त्या दिवशी मधूनं एक ओलं पान माझ्या मांडीवर ठेवलं आणि साडीला चिखल लागला. मी पान झटकणार तोच अक्का म्हणाल्या, "इर्ली गं. तुला घेतलं त्यानं आपल्यात." परत येताना म्हणाल्या, "माणसाला एक तरी जागा पाहिजे बघ सुधा, जिथं त्याला कुणी 'असं का' म्हणून विचारत नाही."

मग वरच्या अंगाला माळ सपाट करून प्लॉट पडले. घरं भराभर उभी राहिली, रस्तेही झाले. गटारं मात्र झाली नाहीत. घरांचं सांडपाणी उताराला लागलं आणि उतार ओढ्याकडे होता. आधी दगडांवर साबणाचा फेस दिसायला लागला, मग पाण्याला वास आला, मग रंग. खेकडे कधी नाहीसे झाले ते कळलंच नाही. मधूला यातलं काही दिसत नव्हतं. तो रोजच्यासारखा पाय सोडून बसायचा. त्याच्या पायांवर पुरळ उठलं, ते चिघळलं. डॉक्टरांनी सांगितलं, त्या पाण्यात आता पाऊल घालू देऊ नका.

अक्का महापालिकेच्या कचेरीत जाऊन आल्या. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहाही दिला आणि म्हणाले, "अक्कावरे, आमच्याकडे तो नाला म्हणूनच आहे. नाल्यात सांडपाणी जाणारच की."

"नाला तुम्ही लोकांनी केला त्याचा," अक्का म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत तो हळ्ळ होता."

साहेबांनी पुढची फाईल ओढली. तेव्हा अक्का वरच्या वस्तीत घरोघरी गेल्या. त्या परत आल्या तेव्हा मी त्यांच्याच पायरीवर मधूजवळ बसले होते. त्यांचा चेहरा पार उतरला होता. मी विचारलं, "भांडण झालं?"

"कुठलं भांडण? एक पोरगी दारात आली. कडेवर तान्हं, आत सासू अंथरुणाला खिळलेली. म्हणाली, अक्का, आमच्या घरातबी माणसं हाईत, पाणी कुठं सोडू सांगा. काय सांगणार मी?" मग चपला काढत म्हणाल्या, "तिचंही खरं आहे. तेच वाईट आहे सुधा. भांडायला समोरचं कुणी तरी खोटं लागतं."

त्यांनी फाटकाला कुलूप घातलं. आणि तिथून त्या घरात जे सुरू झालं, ते भिंतीपलीकडून ऐकणंही कठीण होतं. चहा झाला की मधू स्वतःच पँट दुमडून फाटकाशी उभा राहायचा. अंधार पडेपर्यंत गज धरून तसाच. अक्कांनी परसात मोठा टब आणून ठेवला, नळाची धार सोडली. त्यानं त्यात पाय घातला, पान ठेवलं, पान जागच्या जागी फिरत राहिलं, तेव्हा त्यानं टब उलथून टाकला. एकदा त्याला रिक्षात घालून आम्ही केलगेरीच्या तलावावर नेलं. एवढं उघडं पाणी बघून तो इतका घाबरला, की रिक्षातून खाली उतरेना. घरी आल्यावर भिंतीवर डोकं आपटलं. अक्का मधे हात घालायला गेल्या, तर त्यानं मनगटाला चावा घेतला. मी हळद लावत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याला वाटतं, मीच बंद केलंय. दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं, पाणी खराब झालंय म्हणून. ह्याला कुठल्या भाषेत सांगू?"

त्या वर्षी श्रावणात ते घडलं. अक्का न्हाणीघरात होत्या. दूधवाल्यासाठी फाटकाचं कुलूप काढून ठेवलेलं होतं; तो आला आणि जाताना फाटक नुसतं लोटून गेला. अक्का बाहेर आल्या तर घर रिकामं. त्यांनी मला हाक मारली, तीही हळूच. कुठं शोधायचं हे दोघींनाही माहीत होतं.

मधू त्याच वळणावर होता. पण काठावर नव्हता. काळ्या पाण्यात कमरेपर्यंत बसला होता, अंगावर प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या, आणि हातातलं पान पाण्यावर ठेवत होता. कित्येक महिन्यांत त्याचा चेहरा इतका शांत झाला नव्हता. मी पदर नाकाला लावला. मी म्हणाले, "अक्का, दोघी मिळून ओढूया त्याला."

अक्कांनी चपला काढल्या, लुगडं जरा वर खोचलं आणि पाण्यात उतरल्या. मला वाटलं, त्या त्याला उठवतील. त्या त्याच्या शेजारी बसल्या. मधूनं त्यांच्याकडे बघितलं आणि एक पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पाण्यावर ठेवलं.

"अक्का, बाहेर या," मी म्हणाले.

"येते," त्या म्हणाल्या. "त्याचं होऊ दे."

घरी आल्यावर त्यांनी कडुनिंब घातलेल्या पाण्यानं त्याला आंघोळ घातली, जखमा पुसल्या. काही दिवसांनी त्याला ताप भरला, त्या पाण्यामुळंच, असं डॉक्टर म्हणाले. ताप हटेना, मग कावीळ झाली, मग लघवी बंद झाली. इस्पितळात नळ्यांना घाबरून तो त्या उपटून टाकायचा, म्हणून त्याचे हात पलंगाला बांधून ठेवावे लागले. अक्कांची करंगळी मात्र त्याच्या बांधलेल्या मुठीत होती. तशीच असताना तो गेला.

अक्कांनाही ताप आला होता, पण त्या उठल्या. समाचाराला येणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या शब्दांत तेच म्हणायचा, 'सुटलात अक्का.' त्या पाणी देत, बोलणं ऐकून घेत. लोक गेल्यावर मला म्हणाल्या, "सगळे सुटलात म्हणतात. कशातून, ते कुणी सांगत नाही."

दुसऱ्या एका दिवशी भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलं, "तू म्हणालीस तसं लगेच ओढून काढलं असतं तर?" मी म्हणाले, तो आपण पोचायच्या आधीच किती तरी वेळ पाण्यात होता. डॉक्टरही तसंच म्हणाले होते. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून हलवली, की मला बरं वाटावं म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

घर विकून त्या बेळगावला मावसबहिणीच्या मुलीकडे गेल्या आणि गेल्या थंडीत तिथंच वारल्या. त्याआधी मी एकदाच जाऊन आले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत त्या खुर्चीत बसल्या होत्या. घरातली माणसं चांगली होती, अक्कांना काही कमी नव्हतं. मी विचारलं, काय करता दिवसभर? 

"आई जाताना तिला मी शब्द दिला होता," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधी मी जाणार नाही म्हणून. तेवढा पाळला बघ. त्याच्यानंतर काय करायचं, ते काही आईनं सांगितलं नव्हतं."