बोलणारी मशीन

जरीपटक्यातल्या व्यायामाच्या सामानाच्या दुकानात मी घरासाठी रोइंग मशीन बघत होते. जागेवर बसून वल्हं मारल्यासारखा दांडा ओढायचा. दुकानदार चुंबकावर चालणाऱ्या मशीनवर जोर देत होता. "मॅडम, बाजूच्या खोलीत झोपलेल्यालाही कळणार नाही!"

तेवढ्यात सुती साडी आणि पायात बूट अशी एक बाई शेजारी येऊन उभी राहिली. कन्हानहून नवऱ्यासाठी गुडघ्याचा पट्टा घ्यायला आली होती. तिनं कुणालाही न विचारता चुंबकाच्या मशीनवर बोटानं टकटक केलं आणि कान लावला, टरबूज घेताना लावतात तसा. मान हलवली. मग पदर खोचून शेजारच्या पंख्याच्या मशीनवर बसली आणि दांडा असा ओढला की दुकानभर वारा घोंघावला.

"हीच घे वं."

"अहो, पण केवढा आवाज!"

"म्हणून तं सांगून राहिली. मुक्या मशीनवर कपडे वाळतात. ही बंद पडली की शेजारीण विचारते."

माझ्या ट्रेडमिलवर त्या क्षणी दोन चादरी वाळत होत्या. हिला कसं कळलं? मी विचारणार, तोवर ती पट्टा घेऊन निघूनही गेली.

मी पंख्याची घेतली. परवा सकाळी आळस आला म्हणून पांघरूण ओढून पडून राहिले. थोड्या वेळानं भिंतीवर टकटक झाली.

"काहून वं," पलीकडून शेजारीण ओरडली, "आज वारं नाही सुटलं?"

मी मुकाट्यानं उठले आणि दांडा ओढला.