दुसऱ्या जागी लागलेला दहावा भाग

आम्ही चौघं गेली नऊ वर्षं एकाच दिग्दर्शकावरून भांडतो आहोत. तो परदेशी आहे, म्हातारा आहे, आणि त्याच्या सिनेमात स्वप्नात घडावं तसं काहीही घडतं. जेवणाच्या टेबलाखालून ओढा वाहतो. माणूस स्वतःच्याच दारावर टकटक करतो आणि आतून तोच 'घरी नाही' म्हणून ओरडतो. त्याने टीव्हीसाठी बारा भागांची एक मालिकाही केली होती, पण ती आम्हाला मिळत नव्हती. गेल्या वर्षी आमच्यातल्या केमिस्टने ती कुठूनशी पेनड्राइव्हवर आणली, आणि सिनेमे मोठे की मालिका, असा नवा वाद सुरू झाला.

आम्ही बसतो बेटेगावला, त्या केमिस्टच्याच हॉलमध्ये. सुट्टीच्या दुपारी, पडदे ओढून. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रेकॉर्ड सांभाळते, त्यामुळे गटाची यादीही माझ्याकडे आली: काय पाहिलं, पुढे काय, चहाबरोबर कोण काय आणणार. वादातले मुद्दे सात-आठच आहेत आणि ते मला पाठ झालेत. अलीकडे वाद सुरू झाला की मी सोबत आणलेली मेथी निवडायला घेते.

"मालिका त्याने पोटासाठी केली," केमिस्ट म्हणतो. "सिनेमे बघा. एकेक फ्रेम बघा."

"तुमच्या फ्रेममदी मला झोप लागते," एडवणचा मशीन-ऑपरेटर म्हणतो. पहिली पाळी संपवून तो थेट मोटरसायकलवर येतो. "मागच्या टायमाला डोळा लागला. उठलो तरी बाई खिडकीतच उभी. म्हटलं बरं हाय, काय चुकलं नाय."

"अरे, तीच तर गंमत आहे!"

"गंमत हाय तर हसा की मग. तुमीपण तोंड पाडूनच बसता."

चौथे सर. पालघरच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहेत. बायको गेल्यावर ते दोन वर्षं आलेच नाहीत. मी दर वेळी निरोप पाठवायचे आणि यादीत त्यांच्या नावापुढची जागा रिकामी ठेवायचे. मालिका मिळाली म्हटल्यावर आले.

मालिका एका पोस्टातल्या बाईची आहे. पहिल्या भागात ती गावात बदलून येते. पुढच्या तीन भागांत ती आजारी पडते, मरते, आणि शेवटी तिच्या खिडकीशी गाव रांग लावून उभं राहतं, आत कोणी नसतानाही. त्यानंतरच्या भागात बाई पुन्हा खिडकीत! तिकिटं फाडतेय, हसतेय. केमिस्ट चक्रावला. ऑपरेटर म्हणाला, "मेली ना ही?"

सरांनी थांबवायला सांगितलं आणि उभे राहिले. "त्याने आधी मरण दाखवलं, माणूस आता दाखवतोय," ते म्हणाले. "घरात असंच होतं. ती होती तेव्हा माझ्यासाठी स्वयंपाकघरातला आवाज होता नुसता. ती गेल्यावर मला ती दिसायला लागली."

त्या दिवशी वाद झाला नाही. त्यानंतर सर एकदाही चुकले नाहीत. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. या एका मुद्द्यावर त्यांनी चौदा पानं लिहिली आणि पालघरच्या वाचनालयाने त्यांना रविवारी ती वाचायला बोलावलं.

श्रोत्यांना वाटायला मालिकेची एका पानाची माहिती मी तयार करत होते. भागांची नावं तपासायला इंटरनेटवर गेले, तर आम्ही दुसरा म्हणून पाहिलेला भाग तिथे दहावा होता. आणि बाई हसते तो, आमचा पाचवा, खरा दुसरा. कारण कळायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पेनड्राइव्हवरच्या फायलींची लांबलचक नावं मला आवडली नव्हती, म्हणून मीच ती काढून एक ते बारा आकडे घातले होते. टीव्ही आकड्याचं पहिलं अक्षर आधी बघतो, त्यामुळे त्याने एकानंतर दहा, अकरा, बारा लावले आणि मग दोन. कारखान्यात असं कोणी केलं असतं तर मी त्याला तासभर सोडलं नसतं.

वाचनालयात कॉलेजची मुलं येतात. त्यांनी सगळं पाहिलेलं असतं. एकानेही हात वर केला असता तर सर तिथे उभ्या-उभ्या हास्यास्पद ठरले असते. गुरुवारी मी कामावरून सरळ त्यांच्या घरी गेले.

त्यांनी स्वतः चहा केला. मी सगळं सांगितलं, आकडे कागदावर लिहून दाखवले. त्यांनी कागदावरच्या अकरावर बोट ठेवलं.

"म्हणजे ती शेवटीच मरते."

"हो सर. अकराव्या भागात."

"सगळ्यांसारखीच."

"माझी चूक आहे, सर. मी रविवारी उभी राहून तसं सांगेन."

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"मग मला कशाला सांगितलंस?"

मी मुलांचं सांगितलं, हात वर करण्याचं सांगितलं.

"त्यांनी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो," सर म्हणाले. "तुझ्याशी काय भांडू? तुझी यादी कधी चुकत नाही."

मी कप विसळून ठेवले आणि निघाले. परत येताना दमले होते, आणि ते कामाचं दमणं नव्हतं. मी सांगितलं ते त्यांच्यासाठी, की मला माझ्या मनावरचं ओझं उतरवायचं होतं, याचा उलगडा मला आजही झालेला नाही.

रविवारी वाचनालयात तीसेक माणसं होती. माझं माहितीपत्रक मी पिशवीतच ठेवलं. सरांच्या हातात चौदा पानं नव्हती, लहानसं टाचण होतं. ते त्या दिग्दर्शकाच्या सिनेमांवर बोलले: रंग, सावल्या, कॅमेरा. सगळं बरोबर आणि शाळेतल्यासारखं. वीस मिनिटांत संपलं. मालिकेचा उल्लेख नाही. टाळ्या झाल्या. केमिस्ट खूश होता, कारण सर सिनेमांच्या बाजूने बोलले असं त्याला वाटलं.

बाहेर चपला घालताना ऑपरेटरने विचारलं, "सर, ते बाईचं काय बोलले नाय तुमी? मी खास त्याच्यासाठी पाळी बदलून आलो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"वेळ पुरला नाही," ते म्हणाले.

"काय पन सर! घड्याळ तर तुमच्याच हातात हाय."